ऑपरेशन यशस्वी, पेशंट गंभीर

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी. चारच वर्षे आधी, १८९१ मध्ये, मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली होती आणि स्टेशनाजवळ गुळाची बाजारपेठ असणे सोयीचे होते. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, मध्यवर्ती बसस्थानक शेजारी आले आणि पेठेच्या गल्ल्यांतून दवाखाने, लॅब, स्कॅन सेंटर आणि मेडिकल दुकाने यांची दाटी झाली. घाट चढून आलेले सिंधुदुर्गातले, निपाणी-चिकोडीकडचे, गडहिंग्लज-चंदगडचे नातेवाईक एसटीतून उतरतात ते चालत पोहोचता येईल अशाच एखाद्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर. सरकारी उपचार हवे असतील तर भाऊसिंगजी रोडवरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे सीपीआर, फार लांब नाही.

या पायऱ्यांवर डोक्याच्या ऑपरेशनची वाट पाहणारी माणसे साधारण तीन वाटांनी आलेली असतात. पहिली वाट पुणे-बेंगळुरू महामार्गाची, दुचाकीच्या अपघाताची आणि न घातलेल्या हेल्मेटची. दुसरी रक्तदाबाची: गोळ्या ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडून दिलेल्या आणि एका पहाटे मेंदूत रक्तस्राव. तिसरी गाठीची, जिथे निदान आधी झालेले असते आणि तारीख ठरवून आलेले असतात. ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टर तिघांनाही जवळपास एकच वाक्य सांगतात: ऑपरेशन व्यवस्थित झाले, पण पुढचे ७२ तास महत्त्वाचे.

ते ७२ तास जातात. पेशंट डोळे किलकिले करतो, हात हलवतो, घरी फोन जातात. मग पाचव्या-सातव्या दिवशी ताप चढतो, श्वास वाढतो, कुणीतरी ‘बीपी सपोर्ट सुरू केलाय’ असे सांगते. आणि पायरीवरून प्रश्न येतो, ‘ऑपरेशन चांगलं झालंय म्हणाले होते की डॉक्टर, मग आता हे इन्फेक्शन कुठनं आलं?’

प्रश्न रास्त आहे. या प्रकरणात त्याचेच उत्तर शोधायचे आहे.

हा क्रम साऱ्या देशाने एकदा रोजच्या रोज वाचला होता, फक्त आपण काय वाचतो आहोत हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले नसावे. १० ऑगस्ट २०२० रोजी माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांना दिल्लीच्या लष्करी रिसर्च अँड रेफरल रुग्णालयात दाखल केले गेले. मेंदूत रक्ताची गाठ होती, ती तातडीने शस्त्रक्रिया करून काढली. त्याच वेळी त्यांची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यानंतर रुग्णालयाची पत्रके निघत राहिली. आधी नुसते ‘व्हेंटिलेटरवर, प्रकृती गंभीर’. मग फुप्फुसात संसर्ग. मग मूत्रपिंडाच्या कामात थोडा बिघाड. ३१ ऑगस्टच्या सकाळच्या पत्रकात दोन शब्द आले, ‘सेप्टिक शॉक’, आणि त्याच दिवशी ८४ वर्षांच्या मुखर्जींचे निधन झाले. मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड, रक्ताभिसरण: तीन आठवड्यांत एकेक अवयव बातमीत येत गेला. कोविडचा वाटा त्यात होताच. तरी कोविड वगळला तर अशीच पत्रके कुठल्याही न्यूरो आयसीयूच्या फायलीत सापडतील. देशातल्या उत्तम रुग्णालयांपैकी एकात, उत्तम डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे घडले, हे शाहूपुरीच्या पायरीवर बसलेल्याने लक्षात ठेवावे. सेप्सिस झाला म्हणजे कुणीतरी हलगर्जी केली असा थेट निष्कर्ष निघत नाही. कधी निघतोही, त्याकडे पुढे येऊ.

सेप्सिस म्हणजे नुसते ‘इन्फेक्शन’ नव्हे. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी त्याची जी व्याख्या ठरवली तिचा गाभा असा: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद इतका बेताल होतो की शरीराचेच अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. जंतू फुप्फुसात असतो. बिघडते मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठण्याची यंत्रणा. प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायने रक्तवाहिन्या सैल करतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपते, रक्तदाब पडतो, पेशींना प्राणवायू पुरत नाही. पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब औषधांशिवाय टिकत नसेल आणि रक्तातले लॅक्टेट चढलेलेच असेल, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. तिथपर्यंत पोहोचलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण रुग्णालयातच दगावतात.

जगात २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे एक. त्यात भारताचा वाटा जवळपास २९ लाख मृत्यूंचा. आपल्याकडच्या ३५ आयसीयूंमधल्या ६८० रुग्णांची पाहणी ‘चेस्ट’ या नियतकालिकात २०२२ मध्ये आली, तेव्हा नव्या व्याख्येनुसार त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना सेप्सिस असल्याचे दिसले. इतका मोठा आजार मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बहुधा वेगळ्याच नावाने नोंदला जातो. घरचे सांगतात, ‘अपघातात गेला’. दाखल्यावर लिहिले जाते ‘मेंदूला इजा’ किंवा ‘मल्टी ऑर्गन फेल्युअर’. सेप्सिस मध्येच कुठेतरी हरवतो.

मेंदूच्याच रुग्णाला तो इतक्या सहज का गाठतो?

पहिले कारण डोळ्यांना दिसणारे आहे, ते म्हणजे नळ्या. बेशुद्ध माणसाला खोकता येत नाही, धड गिळता येत नाही. तोंडातली लाळ आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरते. श्वासासाठी तोंडातून घातलेली नळी जंतूंना थेट खाली जायची वाट करून देते. ती लांबली की ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत ‘गळ्याला होल’. नाकातून पोटात जाणारी नळी, लघवीची नळी, मानेतल्या मोठ्या शिरेतली सेंट्रल लाईन, मनगटातली बीपी मोजणारी लाईन. आणि या सगळ्यांहून नाजूक अशी डोक्यातली नळी. मेंदूच्या पोकळ्यांत आणि कण्याभोवती मिळून साधारण १५० मिलिलिटर पाणी असते, पण दिवसाला ते सुमारे ५०० मिलिलिटर तयार होते, म्हणजे रोज तीनेक वेळा बदलते. रक्ताच्या गाठीने त्याची वाट अडली की आत दाब वाढतो. मग कवटीला छिद्र पाडून ते पाणी बाहेरच्या पिशवीत उतरवावे लागते. ही नळी, म्हणजे ईव्हीडी, जीव वाचवते. पण बाहेरचे जग आणि मेंदूचा गाभा यांच्यात उघडी वाटही तयार करते. अशा नळ्यांना संसर्ग होण्याचे प्रमाण रुग्णालयागणिक फार वेगळे आहे. कुठे शंभरात एक-दोन, कुठे दहाच्याही वर. हा फरक नळीच्या कंपनीपेक्षा ती हाताळणाऱ्या हातांमुळे पडतो. १९८४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासानंतर दर पाच दिवसांनी नळी बदलण्याची पद्धत पडली होती. नंतरच्या अभ्यासांनी तिचा फायदा नसल्याचे दाखवले. बदलताना पुन्हा छिद्र आणि पुन्हा धोका. आता शिस्त उलटी आहे: नळीला शक्य तितके कमी हात लावा आणि गरज संपताक्षणी ती काढा.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही आणि ते फारसे कुणी सांगतही नाही. जखमी मेंदू स्वतःच प्रतिकारशक्तीचा आवाज दाबतो. २००३ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडून पाहिला. काही दिवसांतच त्या उंदरांना बाहेरून जंतू न देताही न्यूमोनिया झाला, जंतू रक्तात पोहोचले. त्यांच्या लढाऊ पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. मेंदूच्या इजेनंतर शरीरात ताणाच्या संप्रेरकांचा जो पूर येतो त्याचा हा परिणाम होता. त्या संप्रेरकांना अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने औषध दिल्यावर संसर्ग टळला. माणसांतही पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशींची अशीच घसरण दिसते. त्यात गाठीच्या रुग्णाला सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड दिलेले असते, बऱ्याच जणांना मधुमेह असतो. पाचव्या दिवसाचा ताप आकाशातून पडत नाही. त्याची तयारी पहिल्या तासापासून सुरू असते.

मग सगळ्यांना सुरुवातीपासूनच दणकून अँटिबायोटिक का देऊ नये? हा विचार डॉक्टरांनीही करून पाहिला आहे. नेदरलँड्समध्ये पक्षाघाताच्या २,५०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना चार दिवस सेफ्ट्रिॲक्झोन देऊन पाहिले. २०१५ मध्ये निकाल आला: रुग्णांच्या अंतिम प्रकृतीत फरक नाही. पण फ्रान्समध्ये जरा वेगळा प्रश्न विचारला गेला. मेंदूच्या गंभीर इजेमुळे व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना नळी घातल्यापासून १२ तासांच्या आत या औषधाचा फक्त एक डोस दिला तर? २०२४ मध्ये छापलेल्या निकालानुसार व्हेंटिलेटरमुळे सुरुवातीच्या दिवसांत होणारा न्यूमोनिया ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. एक डोस, योग्य वेळी, योग्य रुग्णाला. ‘हायर अँटिबायोटिक’ चौदा दिवस चालू ठेवण्याचे समर्थन या अभ्यासातून काढणाऱ्याने तो वाचलेला नसतो.

खरी अडचण ओळखण्याची आहे, आणि न्यूरो आयसीयूतली बुद्धीची खरी कसोटी तिथेच लागते. एरवी सेप्सिसची चाहूल कशी लागते? ताप, वाढलेली नाडी, धाप, कमी झालेली लघवी, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि गुंगी. मेंदूच्या रुग्णात यातल्या एकेका खुणेला दुसरा मालक असतो. ताप मेंदूच्या तापमान केंद्राला धक्का लागल्यानेही येतो, पोकळीत साचलेल्या रक्तानेही येतो, फिट रोखण्यासाठी दिलेल्या फेनिटॉइननेही येतो. पांढऱ्या पेशी आणि साखर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाढतात. कवटीतला दाब वाढला की नाडी उलट मंदावते, त्यामुळे धावणारी नाडी दिसेलच असे नाही. लघवी सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉलमुळे भरपूर होत असते. पिट्युटरीजवळची शस्त्रक्रिया असेल तर संप्रेरकाच्या अभावाने बादलीभर होते. चार्टवर सगळे छान, आणि रुग्ण आतून कोरडा पडत चाललेला.

आणि गुंगी? शुद्धी मोजण्यासाठी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये दिलेली पट्टी, आता ३ ते १५ गुणांची, आजही जगभर वापरतात. सेप्सिस ओळखण्याच्या गुणपत्रिकेतही तीच पट्टी आहे. पण ज्याचे गुण अपघाताच्या दिवसापासूनच ७ आहेत, त्याचे ६ झाले तर दोष कुणाचा? सूज वाढली, पुन्हा रक्त साचले, फिट येऊन गेली, की संसर्गाने मेंदू मंदावला? म्हणून पहिली धाव बहुधा सीटी स्कॅनकडे जाते, आणि जायलाच हवी. स्कॅन ‘जैसे थे’ आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. अनुभवी इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा तज्ज्ञ, नेमका तिथे अस्वस्थ होतो. मेंदूत नवे काही नाही आणि तरी माणूस खालावतो आहे, तर बिघाड मानेखाली शोधायला हवा. मग छातीचा एक्स-रे, लघवी, कफ आणि रक्ताची कल्चर, लॅक्टेट, ईव्हीडीच्या पाण्यातल्या पेशी आणि साखर, प्रत्येक नळीच्या तोंडाशी लाली आहे का, पाठीला जखम आहे का. नवीन लक्षणाला जुने कारण चिकटवून मोकळे होणे हा इथला सर्वांत महागडा आळस आहे.

कारण वेळ कमी असतो. कॅनडातल्या विनिपेगचे डॉ. आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सेप्टिक शॉकच्या २,७०० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्तदाब पडल्यानंतर योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होती. शॉकचा संशय असेल तर तासाभरात औषध, हा आजचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. औषधाआधी कल्चरचे रक्त काढायचे, पण त्यासाठी औषध अडवायचे नाही.

मेंदूच्या रुग्णाबाबत त्यात आणखी एक अडचण येते, आणि ती थोडे गणित करून पाहावी लागते. सेप्सिसमध्ये सरासरी रक्तदाब किमान ६५ ठेवा, असा सर्वसाधारण नियम आहे. मूत्रपिंडाला तेवढा पुरतो. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत आहे आणि तिथल्या दाबाविरुद्ध रक्त आत ढकलावे लागते. खालच्या मजल्याच्या नळाला पाणी येते म्हणून तिसऱ्या मजल्यावरही चढेल असे नाही. कवटीतला दाब २० असेल तर ६५ मधून २० वजा जाता उरतात ४५. जखमी मेंदूला हव्या असतात ६० ते ७०. म्हणजे मॉनिटरवर आकडा ‘नॉर्मल’ आणि मेंदू उपाशी. डोक्याला मार लागलेल्यांच्या अमेरिकी नोंदींवरून १९९३ मध्येच दिसले होते की वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेल्याचा एक प्रसंगही मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट करतो. सर्जनने तासन्‌तास खपून वाचवलेला मेंदूचा भाग सेप्सिसच्या एका रात्रीत जातो तो असा.

उपचारही दोन्हीकडून ओढतात. पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाईन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १,८०० मिलिलिटर, असा सेप्सिसचा सल्ला आहे. तेच पाणी चुकीच्या प्रकारचे असेल तर मेंदूची सूज वाढवते. म्हणून पाच टक्के ग्लुकोजची बाटली इथे टाळायची, साधे मिठाचे सलाईन मोजून द्यायचे आणि रक्तदाब चढवणारे नॉरॲड्रेनॅलिन लवकर सुरू करायचे. अँटिबायोटिकचेही तसेच. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा बरीचशी औषधे आत सोडत नाही. इमिपेनेमने फिट येऊ शकते, म्हणून मेंदूच्या संसर्गात मेरोपेनेम बरे. मेंदूच्या पाण्यातच हट्टी जंतू वाढला आणि शिरेतले औषध पुरले नाही तर ईव्हीडीतून थेट मेंदूच्या पोकळीत औषध सोडण्याची वेळ येते.

जंतू हट्टी का झाला, याचे उत्तर द्यायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. पायल देशपांडे, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज, डॉ. अंजली शेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मिळालेले, मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम गटातल्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यातल्या २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ नावाचे विकर तयार करणारे जनुक सापडले. हा शोधनिबंध मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्याच ‘जापी’ या नियतकालिकात आला. काही महिन्यांनी ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात तीच गोष्ट छापून आली तेव्हा एनडीएममधल्या ‘न्यू दिल्ली’ या नावावरून देशात मोठा गदारोळ झाला. नावावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी मुंबईच्या या निबंधावर झाली असती तर बरे झाले असते. आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जाळ्यातल्या रुग्णालयांत सापडणाऱ्या असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी दहांतले जवळपास नऊ मेरोपेनेमला दाद देत नाहीत. व्हेंटिलेटर, पलंगाची कड, मॉनिटरची बटणे, सिस्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ही या जंतूची राहण्याची ठिकाणे. कोरड्या पृष्ठभागावर तो दिवसचे दिवस तग धरतो.

मग हाती उरतो कोलिस्टिन. मूत्रपिंडाला त्रास देतो म्हणून १९७०-८० च्या दशकांत बाजूला टाकलेला हा म्हातारा पुन्हा कामाला जुंपला गेला. तो कोंबड्यांच्या खाद्यातही वाढीसाठी घातला जात होता. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या वापरावर बंदी आणली. माणसांसाठीच्या महत्त्वाच्या अँटिबायोटिक्सना १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे: चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची वहीत नोंद. कायदा चांगला आहे. गल्लीबोळातल्या किती दुकानांत ती वही उघडी दिसते, हे वाचकाने स्वतःच पाहावे. दिलासा देणारी एक बातमी याच मातीतली आहे. झिडेबॅक्टम हा रेणू वोक्हार्टच्या छत्रपती संभाजीनगरमधल्या संशोधन केंद्रात शोधला गेला. सेफेपिमसोबत तो दिला की एनडीएम बाळगणारे अनेक जंतूही शरण येतात.

पण नव्या औषधांची वाट पाहण्याआधी पुष्कळ काही करता येते, आणि ते स्वस्त आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभराहून अधिक आयसीयूंत पाच साध्या गोष्टी सक्तीच्या केल्या: हात धुणे, सेंट्रल लाईन घालताना रुग्णाला पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, मांडीची शीर टाळणे आणि नको असलेली लाईन काढून टाकणे. २००६ मध्ये छापलेल्या निकालात, हजार लाईन-दिवसांमागे २.७ असलेला रक्तसंसर्गाचा मध्यक काही महिन्यांत शून्यावर आला होता. त्यात एक तरतूद फार मोलाची होती. डॉक्टरने पायरी गाळली तर सिस्टरला त्याला थांबवायचा अधिकार. आपल्याकडच्या किती आयसीयूंत सिस्टर मोठ्या सर्जनना ‘सर, हात धुतले का?’ असे विचारू शकते? जिथे विचारू शकते तिथला पेशंट जास्त सुरक्षित आहे, हे छातीठोकपणे सांगता येईल. वर आपण हलगर्जीपणाचा मुद्दा पुढे ढकलला होता. तो बहुतेक वेळा इथे असतो, थिएटरमध्ये नव्हे.

पलंगाचे डोके ३० अंश वर ठेवणे ही दुसरी फुकटची गोष्ट. त्याने पोटातले वर येणे कमी होते आणि कवटीतला दाबही उतरतो. एकाच कृतीत फुप्फुस आणि मेंदू दोघांचे काम होते. तोंडाची स्वच्छता, निर्जंतुक सक्शन, दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामे सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी करतात. त्यांची नावे बिलावर नसतात.

परिचर्येने काय साधते याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूला नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यात कायमची इजा झाली. त्या जवळपास ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. ही शस्त्रक्रियेची गोष्ट नव्हे, पण धोके तेच: न हलणारे शरीर, न जमणारे गिळणे, पाठीच्या जखमा, फुप्फुसातला संसर्ग. त्यांना एकही बेडसोर होऊ दिला नाही, हे सर्वोच्च न्यायालयासमोर मांडले गेले आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने केईएमच्या परिचारिकांचे मुक्तकंठाने कौतुक केले. पाठीवरची एक जखम म्हणजे जंतूंना रक्तात शिरायचा आणखी एक दरवाजा; तो चार दशके बंद ठेवला गेला, तेही सार्वजनिक रुग्णालयात. १८ मे २०१५ रोजी शानबाग यांचे निधन झाले, कारण न्यूमोनिया.

खर्चाचे बोलायला हवे. मेंदूची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते आणि अनेक कुटुंबे त्या भरवशावर येतात. पण सेप्सिसचा हिशेब दिवसांचा असतो. व्हेंटिलेटरचे, डायलिसिसचे, महागड्या इंजेक्शनांचे दिवस वाढत जातात आणि कुणी गाय विकते, कुणी सोसायटीचे कर्ज काढते. दहाव्या-बाराव्या दिवशी काही कुटुंबे सही करून पेशंट घरी नेतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. योजनेत आहात का, किती दिवस धरले आहेत, इथे झेपले नाही तर सीपीआरला हलवता येईल का, हे प्रश्न पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षक किंवा आरोग्यमित्रांना विचारले तर ती सही कदाचित टळते.

नातेवाइकांच्या हातात आणखीही काही आहे. भेटीच्या वेळी एकानेच आत जाणे, जाताना आणि येताना अल्कोहोलचा हातरब २० ते ३० सेकंद चोळणे. जोतिबाचा गुलाल किंवा अंबाबाईचे कुंकू श्रद्धेने आणले असेल तर ते उशाशी पुडीत राहू द्यावे, टाक्यांच्या जवळ लावू नये. डॉक्टरांना रोज एक प्रश्न विचारावा: आज कोणती नळी काढता येईल? आणि आपल्या माणसाने गेल्या तीन महिन्यांत कोणकोणती अँटिबायोटिक्स घेतली, गावात सर्दीतापाला घेतलेल्या इंजेक्शनांसह, ते न लपवता सांगावे. पहिले औषध निवडताना या माहितीचा उपयोग कुठल्याही रिपोर्टइतका होतो, कारण कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात.

जे वाचतात ते लगेच पूर्वीसारखे होत नाहीत. हातापायांतले बळ महिनोन्‌महिने परतत नाही, झोप उडते, विसरभोळेपणा येतो, आणि मेंदूच्या रुग्णात त्यातले किती पहिल्या इजेचे आणि किती सेप्सिसचे हे सांगता येत नाही. घरी गेल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग उलटण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला ताप, थंडी, धाप, नेहमीपेक्षा जास्त गुंगी किंवा टाक्यांतून पाणी यांपैकी काहीही दिसले तर गावात ‘एक इंजेक्शन मारून’ बघू नका. डिस्चार्ज कार्ड आणि कल्चरचे रिपोर्ट पिशवीत घाला, १०८ ला फोन करा आणि त्याच दिवशी, जिथे ऑपरेशन झाले त्या डॉक्टरांकडे पोहोचा.